छोट्या मोटरला वीज कुठून द्यावी?

खेळण्यातल्या गाडीतून काढलेली किंवा नवी घेतलेली छोटी डीसी मोटर हातात आली की पहिला प्रश्न व्होल्टचा पडतो. त्याचं उत्तर सोपं असतं. मोटरवर किंवा तिच्या माहितीपत्रकात 3, 6 किंवा 12 व्होल्ट असं लिहिलेलं असतं, तेवढेच द्यायचे. थोडे कमी दिले तर ती हळू फिरेल. जास्त दिले तर जोरात फिरेल, पण तापेल आणि तिचे ब्रश (फिरत्या गुंडाळीला वीज पोहोचवणारे, तिला घासत राहणारे तुकडे) लवकर झिजतील. गफलत होते ती अँपिअरच्या बाबतीत.

मोटर किती करंट घेणार हे तिच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, किती भार आहे यावर ठरतं. यामागची गोष्ट मला फार सुंदर वाटते. मोटरची गुंडाळी चुंबकांच्या मध्ये फिरत असते, म्हणजे ती त्याच वेळी जनित्रही असते. तिच्यात पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने विद्युतदाब तयार होतो आणि वेग वाढला की तोही वाढतो. पुरवठ्यातून हा विरोधी दाब वजा करून जेवढे व्होल्ट उरतात, तेवढेच गुंडाळीतून करंट ढकलतात.

एक हिशेब करून पाहू. मोटर 3 व्होल्टची आहे आणि तिच्या गुंडाळीचा रोध 1.5 ओहम आहे असं धरा. हलका पंखा फिरवताना ती 0.3 अँपिअर घेत असेल, तर गुंडाळीवर खर्च होतात फक्त 0.45 व्होल्ट. उरलेले 2.55 व्होल्ट विरोधी दाबाने अडवून धरलेले असतात. आता शाफ्ट घट्ट पकडा. फिरणं थांबलं, विरोधी दाब शून्य झाला, पूर्ण 3 व्होल्ट 1.5 ओहमवर आले आणि करंट 2 अँपिअरवर गेला. आधी गुंडाळीत 0.135 वॅट उष्णता होत होती, आता 6 वॅट होते. अडकलेली मोटर जळते ती यामुळेच. या करंटला स्टॉल करंट म्हणतात.

स्विच दाबतो त्या क्षणी प्रत्येक मोटर थांबलेलीच असते, म्हणून क्षणभर का होईना, सुरुवातीला ती जवळजवळ स्टॉल करंटच मागते. पुरवठा निवडताना आकडा धरायचा तो हा. चालू मोटरचा करंट मोजून त्यावर अडॅप्टर घेतला तर फसगत होते. संरक्षण असलेला अडॅप्टर अशा वेळी बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो आणि मोटर नुसती झटके देत राहते. दोष मोटरचा आहे असं वाटतं, पण मोटर चांगली असते.

अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ती मर्यादा. 5 अँपिअरच्या अडॅप्टरने मोटर जळेल ही भीती अनेकांना असते. व्होल्ट बरोबर असतील तर मोटर लागतील तेवढेच अँपिअर घेते.

बॅटरीत मात्र नुसते व्होल्ट पाहून चालत नाही. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी छोट्या मोटरसाठी मी कधीच सुचवणार नाही. तिच्या आत सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे तिचा अंतर्गत रोध एक-दोन ओहमच्या घरात जातो. मोटरने 1 अँपिअर मागितला की एक-दोन व्होल्ट बॅटरीच्या आतच जिरतात. शिवाय क्षमता साधारण 500 मिलीअँपिअर-तास, म्हणजे ती लवकर संपते. त्यापेक्षा एए आकाराचे सेल कितीतरी चांगले. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचा असला तरी त्याचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे भाराखाली तो अल्कलाइन सेलपेक्षा दाब जास्त टिकवतो.

लिथियम-आयन सेल भरपूर करंट देतो, आणि धोकाही तिथेच आहे. तारा शॉर्ट झाल्या तर आग लागू शकते. संरक्षक सर्किट आणि फ्यूजशिवाय तो वापरू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर तो 4.2 व्होल्ट देतो, हेही 3 व्होल्टच्या मोटरच्या बाबतीत ध्यानात ठेवायला हवं.

मोटरबरोबर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) असेल तर मोटर थेट त्याच्या पिनला जोडू नये. आर्डुइनोच्या ऊनो R3 या बोर्डाच्या एका पिनची कमाल मर्यादा 40 मिलीअँपिअर आहे. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा मोटर ड्रायव्हर हवा आणि मोटरला वेगळा पुरवठा, फक्त दोन्हींचा ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडलेला. एकाच पुरवठ्यावर दोन्ही चालवले तर मोटर सुरू होताना दाब कोसळतो आणि आर्डुइनो रीसेट होतो. ब्रशच्या ठिणग्यांमुळे होणारा विद्युत गोंगाट कमी करायला मोटरच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा.

स्टॉल करंट कुठेच लिहिलेला नसेल तर मल्टिमीटरने गुंडाळीचा रोध मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, सर्वांत कमी आकडा घ्या आणि त्यातून मीटरच्या तारांचा रोध वजा करा. व्होल्टला त्या रोधाने भागलं की अंदाज मिळतो. मग पुरवठा जोडून मोटरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावा आणि शाफ्ट एखाद-दुसरा सेकंद बोटांनी रोखून धरा. मोटर लहान आणि गिअर नसलेली असेल तरच हे करा. 3 व्होल्टचे 2.8 झाले तर पुरवठा पुरेसा आहे. 2 च्या खाली गेले तर सेल मोठे घ्या किंवा अडॅप्टर बदला.