खोटी पत्रे, खरी तक्रार: कोल्हापूर आणि अपप्रचाराची जुनी गोष्ट

अफवांचा विषय निघाला की सारा दोष मोबाइलवर जातो. कोल्हापूरकरांना तरी तसे म्हणता येणार नाही, कारण बनावट पुराव्याचा एक फार गाजलेला खटला याच संस्थानावरून उभा राहिला होता.

तेव्हा तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवले गेले होते आणि कारभार संस्थानचे दिवाण बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो, अशी बोलवा सगळीकडे होती. त्यातच बर्व्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली. नुकत्याच निघालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी त्या पत्रांच्या आधारे बर्व्यांवर झोड उठवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. आगरकर आणि टिळक यांनी माफी मागितली, तरीही जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते.

या खटल्याची गोष्ट आपण बहुधा दोन तरुण संपादकांच्या धैर्याची म्हणून सांगतो. ते धैर्य खरेच होते. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. तक्रारीत तथ्य होते, पुरावा मात्र खोटा होता, आणि त्या पुराव्यामुळे नुकसान तक्रारीचेच झाले. संपादक हुशार होते, हेतूही स्वच्छ होता. पत्रांवर विश्वास बसला, कारण मनाला आधीच पटलेले तेच त्यांत लिहिले होते. आज फॉरवर्डही असाच पटतो.

पक्षपाताची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक बातमी खरी असू शकते, आणि तरीही काही माणसे बातमीत येतच नाहीत. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला, तो याच कारणाने. बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे त्यांनी पहिल्याच अंकात स्पष्ट मांडले. पैसे देऊनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी या पत्राला अडीच हजार रुपयांची मदत केली आणि त्याच मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत ते आंबेडकरांसोबत उभे राहिले. खोटेपणा पकडायला कागद तपासावा लागतो. पक्षपात ओळखायचा तर छापलेच न गेलेले काय, ते शोधावे लागते, आणि ते जास्त कठीण आहे.

इंटरनेटवर नवा आहे तो वेग, आणि संपादकाचा अभाव. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली.

कोल्हापुरात पुराच्या वेळी निदान एक आधार असतो. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ऑगस्ट 2019 च्या पुराचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून आला तर त्या आकड्याशी ताडून पाहता येतो. तणावाच्या वेळी असे काहीच हाताशी नसते. 7 जून 2023 रोजी आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद केले गेले. त्याने अफवा अडत असतील, पण खुलासाही फोनवर पोहोचत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम बदलून, स्वतःच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवणारा सरकारी कक्ष नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ती रद्द केली. मला हा निकाल योग्य वाटतो. कारभार बर्व्यांच्या हाती असतानाही पत्रे खोटी असल्याचा निवाडा त्यांनी स्वतः केला नव्हता, तो न्यायालयात झाला. आता केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) 2019 पासूनचा तथ्य-तपासणी विभाग खुलासे देतो, पण ते मान्य करण्याचे बंधन समाजमाध्यमांवर नाही.