खुणांची भाषा एका पाद्र्याने शोधली? नाही हो!

पॅरिसच्या एपे नावाच्या पाद्र्याने १८व्या शतकात कर्णबधिरांसाठी साइन लँग्वेज शोधून काढली, हे वाक्य मी आजवर किती ठिकाणी वाचलंय. प्लीज हे पुढे पाठवू नका, चुकीचं आहे.

एपेचं काम मोठंच, १७६०च्या सुमारास त्याने बहिऱ्या मुलांसाठी फुकट शाळा काढली, पण भाषा त्याने बनवली नाही, ती पॅरिसच्या बहिऱ्या लोकांत आधीपासून होतीच, त्याने ती त्यांच्याकडूनच घेतली आणि वर फ्रेंच व्याकरणाच्या खुणा जोडल्या. या जोडकामामुळे सगळं श्रेय त्याच्या नावावर गेलं असं मला वाटतं.

पुरावा हवाय? पिएर देलोज बघा. पुस्तकं बांधणारा कारागीर, सातव्या वर्षी देवी आल्या आणि ऐकू येणं गेलं. सत्ताविसाव्या वर्षी तो खुणांची भाषा शिकला, आणि शिकवलं कोणी, तर एका बहिऱ्या इटालियन नोकराने, ज्याला लिहितावाचता येत नव्हतं! म्हणजे शाळेचा संबंधच नाही. १७७९ला देलोजने स्वतः पुस्तक लिहून सांगितलं की पॅरिसचे बहिरे कामकरी आपापसात खुणांनी सगळ्या विषयांवर बोलतात. त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं, याचं खरंच वाईट वाटतं.

अमेरिकन साइन लँग्वेज (अमेरिकेतल्या बहिऱ्यांची खुणांची भाषा) गॅलोडेट नावाच्या अमेरिकन शिक्षकाने बनवली हेही तसंच चुकीचं. १८१७ला अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या बहिऱ्यांच्या शाळेत त्याच्यासोबत लोराँ क्लेर होता, पॅरिसच्या शाळेतला, स्वतः बहिरा. त्याच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी मार्थाज व्हिनयार्ड (अमेरिकेतलं एक बेट, जिथे बरेच बहिरे लोक होते) सारख्या ठिकाणांहून, घरून आणलेल्या खुणा, दोन्ही मिसळून ती भाषा वाढली.