रायफल अडकणे : एम-१६ चे व्हिएतनाममधील प्रकरण

चाप ओढूनही गोळी न सुटणे, किंवा एक गोळी सुटल्यावर पुढचे काडतूस आपोआप जागेवर न येणे, याला रायफल अडकणे किंवा जॅम होणे म्हणतात. स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित रायफलींत हा दोष चार टप्प्यांपैकी कुठेही उद्भवतो : मॅगझीनमधून काडतूस वर येताना, ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा) शिरून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद होताना, चेंबरमधून रिकामी पुंगळी (काडतुसाचे कवच) ओढून काढताना आणि ती बाहेर फेकताना. यांपैकी तिसऱ्या टप्प्यावरचा दोष सर्वांत घातक. काडतूस नीट वर आले नाही तर मॅगझीन बदलून किंवा बोल्ट हाताने मागे ओढून काम भागते. पुंगळी चेंबरला चिकटून बसली आणि तिला ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची आकडी तिच्या कडेवरून निसटली, की नळीच्या तोंडातून सळई घालून ती ठोकून काढण्याखेरीज इलाज नसतो. गोळीबार चालू असताना तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

पुंगळी चिकटते का, हे समजण्यासाठी ती पितळेची का असते हे आधी पाहावे लागते. दारू पेटल्यावर निर्माण होणाऱ्या दाबाने पितळ फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की पितळ थोडेसे आकसते आणि भिंतीपासून सुटते. सगळे गणित या क्षणावर आहे. पितळ आकसण्याआधीच बोल्टने ओढायला सुरुवात केली, किंवा भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडून पितळ त्यांत रुतले, तर पुंगळी जागची हलत नाही. म्हणून हा बिघाड एका सुट्या भागाचा क्वचितच असतो. दारू, पितळ, चेंबरचा पृष्ठभाग आणि बोल्टचा वेग यांचा मेळ बिघडलेला असतो. याचे सर्वांत चांगले नोंदले गेलेले आणि सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे अमेरिकेची एम-१६.

यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत आखलेली एआर-१५ ही रायफल (हीच पुढे सैन्यात एम-१६ झाली) हलकी होती आणि ५.५६ मिलिमीटरचे लहान, वेगवान काडतूस झाडत असे. तिच्यात पिस्टन नाही. नळीतला थोडा वायू एका बारीक नळकांडीतून थेट बोल्ट वाहून नेणाऱ्या भागात जातो आणि त्याला मागे ढकलतो. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने १,००० रायफली दक्षिण व्हिएतनामी सैनिकांकडे चाचणीसाठी दिल्या आणि अहवाल अत्यंत अनुकूल आला. ती काडतुसे ड्यूपाँ कंपनीच्या आयएमआर ४४७५ या दारूने भरलेली होती. संपूर्ण यंत्रणा त्या दारूच्या दाबाला अनुसरून जुळवलेली होती, हे पुढच्या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवायला हवे.

१९६३ च्या अखेरीस सैन्याने मोठी मागणी नोंदवली. काडतुसासाठी गोळीचा वेग आणि चेंबरमधला कमाल दाब अशा दोन अटी एकदमच घातल्या गेल्या. दोन्ही पाळून मोठ्या प्रमाणावर दारू बनवणे शक्य नाही, असे ड्यूपाँने कळवले. १९६४ मध्ये ऑलिन मॅथिसन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू मान्य झाली. एम-१४ रायफलीच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसांत ती आधीपासून वापरात होती. ती वाईट दारू नव्हती : साठवणुकीत टिकाऊ, बनवायला अधिक सुरक्षित. पण तिचा दाब नळीत पुढे अधिक काळ टिकून राहतो. त्यामुळे वायू काढून घेण्याच्या छिद्रापाशी दाब वाढला, बोल्ट ठरल्यापेक्षा लवकर आणि जोरात मागे येऊ लागला आणि गोळीबाराचा वेग मिनिटाला ८५० च्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला. शिवाय आम्ल मारण्यासाठी त्या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची पुटे वायूच्या मार्गात साचत.

दुसरा निर्णय नळीविषयीचा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर लढलेल्या सैन्याला गंजाचा पुरेपूर अनुभव होता. एम-१४ ची नळी आतून क्रोमने मढवलेली होती. एम-१६ चे चेंबर मात्र उघड्या पोलादाचेच राहिले, आणि ती रायफल पावसाच्या, भातखाचरांच्या आणि जंगलांच्या देशात गेली. तिसरी गोष्ट सर्वांत साधी : रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता. सफाईच्या सळया आणि संच पुरेसे पोहोचलेच नाहीत, प्रशिक्षणही तोकडे पडले.

१९६६ पासून तक्रारी येऊ लागल्या. १९६७ च्या वसंतात खे सान्ह परिसरातील टेकड्यांवर मरीन जवानांच्या लढाया झाल्या आणि त्यांनी घरी लिहिलेली पत्रे अमेरिकेत वाचली जाऊ लागली. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी खोललेल्या रायफली सापडल्याचे त्यांत होते. न्यू जर्सीचे प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी असे एक पत्र संसदेत वाचून दाखवले. सुरुवातीला अधिकाऱ्यांचे उत्तर एकच होते : जवान रायफल साफ ठेवत नाहीत. या उत्तरात खोटेपणा कमी आणि अन्याय फार होता. सफाई कमी होती हे खरे. पण ज्याच्या हाती सळईच दिली नाही, त्याच्यावर दोष टाकून दारूचा प्रश्न बाजूला राहिला.

मिझूरीचे प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली. तिच्यापुढे आलेली एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या दारूने रायफली वेगाच्या चाचणीत नापास होत असल्याचे कोल्टने कळवले, तेव्हा कारखान्यातील स्वीकृती चाचणीसाठी दुसरी दारू वापरायची मुभा कंपनीला देण्यात आली. म्हणजे रायफल एका दारूवर पास होई आणि रणांगणावर तिला दुसरी दारू मिळे. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालाने सैन्याच्या व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला आणि हा निष्काळजीपणा गुन्हेगारी स्वरूपाच्या जवळ जाणारा असल्याचे म्हटले.

उपाय तोवर सुरू झाले होते. जड बफर (मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणारा भाग) बसवून बोल्टचा वेग कमी करण्यात आला, चेंबरला १९६७ मध्ये क्रोमचा थर आला (पुढे संपूर्ण नळीला), सफाईचे संच पोहोचले. १९६८ मध्ये चित्रकार विल आयस्नर यांच्या चित्रांची, कॉमिकच्या रूपातली देखभाल पुस्तिका जवानांना वाटण्यात आली. दारूतील कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाणही नंतर मर्यादित केले गेले. बोल्ट पुढे रेटण्यासाठी सैन्याच्या आग्रहावरून आधीच बसवलेली बाजूची कळ मात्र या बिघाडावर निरुपयोगी होती. बोल्ट पूर्ण बंद होत नसेल तर ती कामाची. चिकटलेल्या पुंगळीवर तिचा काहीच परिणाम नाही. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता सुचवलेला उपाय कसा वाया जातो, ते यावरून दिसते.

एआर-१५ च्या नागरी आवृत्त्या अमेरिकेत आज सुटे भाग आणून घरी जोडण्याचा छंद आहे. कायद्याच्या दृष्टीने तिथे चाप बसवण्याची खालची चौकट म्हणजेच बंदूक. बाकीचे बहुतेक भाग साध्या मालासारखे विकले जातात. वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकत्र आले की वायू, स्प्रिंग, बफर आणि काडतूस यांचा मेळ जोडणाऱ्यालाच तपासावा लागतो. पहिल्यांदा जोडलेली रायफल अडकली की लोक लगेच भाग बदलत सुटतात. अनुभवी बंदूक कारागीर मात्र रायफल रिकामी करून, ती कोणत्या टप्प्यावर थांबली आणि बाहेर पडलेल्या पुंगळीवर कसल्या खुणा आहेत हे आधी पाहतो. मग काडतूस आणि मॅगझीन ही सर्वांत सहज बदलता येणारी दोन कारणे एकेक करून वगळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच निष्कर्ष निघतो. १९६४ ते १९६६ या काळात दारू, हवामान, सफाई आणि वापरणारे हात असे सगळेच बदलले होते. १९६२ मध्ये नीट चाललेल्या रायफलीत नेमके काय बदलले, हा प्रश्न वेळेत कुणी नेटाने विचारला नाही.

भारतात घरी बंदूक जोडण्याचा प्रश्नच येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, बदलणे किंवा दुरुस्त करणे गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. याच ५.५६ मिलिमीटर मापाची इन्सास रायफल पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने विकसित केली. तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात. १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याविषयीही रायफल अडकण्याच्या आणि कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझीनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. इन्सासमध्ये मात्र, एम-१६ च्या उलट, वायू पिस्टनवर काम करतो.