बांध फुटला, नदी उघडी पडली

कयाकिंगसाठी, म्हणजे चिंचोळी होडी दुतोंडी वल्ह्याने हाकण्याच्या खेळासाठी, खळाळतं पाणी तयार करायचं म्हटलं की काँक्रीटचा पाट डोळ्यांसमोर येतो. जर्मनीत आउग्सबुर्गला 1972 च्या ऑलिंपिकसाठी तसाच बांधला होता. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहराला तो खर्च नव्हता, कारण खडक जागेवरच होता. फक्त शंभरावर वर्षं तुंबलेल्या पाण्याखाली बुडालेला.

1828 मध्ये हे गाव वसलं ते चॅटाहूची नदीच्या खडकाळ उतारापाशी. मेक्सिकोच्या आखाताकडून वर येणाऱ्या बोटी इथवर येत आणि थांबत. बोटींची जी अडचण, तीच गिरण्यांची सोय. आधी पिठाची गिरणी आली, मग कापडाच्या. 'ईगल' गिरणी एप्रिल 1865 मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता, उत्तरेकडच्या राज्यांच्या फौजेने जाळली. ती पुन्हा उभी राहिली तेव्हा नाव झालं 'ईगल अँड फिनिक्स'. तिचा दगडी बांध 1882 चा. थोडं वर 'सिटी मिल्स' या गिरणीचा आणखी एक.

गिरण्या थंडावल्या, बांध तसेच राहिले. 1990 च्या दशकात शहराने सांडपाण्याचे मोठे नळ नदीकाठाने टाकले आणि त्यांवरच फिरायचा रस्ता केला. गटारकामाने शहराचं तोंड पुन्हा नदीकडे वळवलं, म्हणा ना! पुढे बांध काढून नदी मोकळी करायच्या बाजूने नुसते होडीवाले नव्हते. वाहत्या, खडकाळ पाण्यातच टिकणारा शोल बास मासाही त्या बाजूच्या युक्तिवादात होता.

मार्च 2012 मध्ये ईगल अँड फिनिक्सच्या बांधाला सुरुंग लावून खिंडार पाडलं. 2013 मध्ये सिटी मिल्सची पाळी आली. अशा ठिकाणी सुरुंगाची दारू बेतानेच भरावी लागते, कारण जुन्या गिरणीच्या विटांच्या इमारती काठावरच आहेत आणि आता तिथे माणसं राहतात. नियंत्रित सुरुंगात भोकं ओळीने पाडतात, दारूवर खडी ठासतात आणि बार एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. पुढची ओळ सुटली की मागच्या ओळीतल्या दगडाला सरकायला जागा मिळते. हादरा विभागला जातो, दगडही फार उडत नाहीत.

पण बांध फुटला म्हणजे लाट मिळाली, असं होत नाही. मोकळं पाणी वाट फुटेल तिकडे पसरतं. ते एका चिंचोळ्या जागी आणून खाली टाकावं लागतं, आणि पुढे उलटलेला माणूस सावरेल एवढा डोह लागतो. त्यासाठी पात्रातले दगडही बसवावे लागले. 'कटबेट' ही इथली सगळ्यांत नावाजलेली लाट. 2023 ची फ्रीस्टाइल कयाकिंगची, म्हणजे लाटेवर होडीच्या कसरती करण्याची, जागतिक स्पर्धा याच शहरात झाली.

सुमारे 4 किलोमीटरच्या या पट्ट्यातलं पाणी मात्र आजही वरच्या वीजकेंद्राच्या हातात आहे. आपल्याकडे कोलाडची राफ्टिंग भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर चालते, तसंच. कधी सेकंदाला 800 घनफूट, कधी 10,000 च्याही वर. म्हणून इथले लोक होडी गाडीवर चढवण्याआधी पाणी कधी सुटणार ते पाहतात.