कंपनीतल्या अधिकाऱ्याचा संसार आणि 1995 ची पेन्शन : पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत साठ-सत्तरच्या दशकात रुजू झालेले अधिकारी आता ऐंशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या शोकसभा वरचेवर होऊ लागल्या आहेत. बोलणारे कर्तव्यदक्ष अधिकारी आणि कुटुंबवत्सल गृहस्थ अशा दोन्ही अंगांनी आठवणी सांगतात, आणि त्या खऱ्याच असतात. मात्र या माणसाने संसार कशाच्या जोरावर उभा केला आणि त्याच्या माघारी पत्नीच्या खात्यात दरमहा काय जमा होते, हे त्या सभेत कोणी बोलत नाही. ते समजून घ्यायला खासगी नोकरीतल्या पेन्शनचा इतिहास पाहावा लागतो.

पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना 1954 साली आला. 1962 मध्ये राज्याचे औद्योगिक महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. 1970 मध्ये मॅनेजिंग एजन्सीची, म्हणजे कंपनीचा कारभार बाहेरच्या पेढीकडे सोपवण्याची, जुनी पद्धत कायद्याने बंद झाली. तेव्हापासून कंपन्यांच्या कारभारात पगारी मॅनेजरांचे वजन वाढले. ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलेला मध्यमवर्गीय मुलगा वर्क्स मॅनेजर किंवा जनरल मॅनेजर होऊ शकतो, हे शहराने याच काळात पाहिले.

त्या काळी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्क्यांवर गेला होता. रोख पगार वाढवून हाती फार काही उरत नसे. म्हणून कंपन्या क्वार्टर, गाडी, टेलिफोन, औषधोपचार, सहकुटुंब प्रवासभत्ता अशा रूपात मोबदला देत. बाहेरून हे वैभव दिसे. प्रत्यक्षात यातले बहुतेक सगळे नोकरीबरोबर संपणारे होते. 1972 चा ग्रॅच्युइटी कायदासुद्धा सुरुवातीला महिना हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांपुरता होता. पगाराची ही अट 1994 मध्ये निघाली. अधिकाऱ्याची खरी कमाई होती ती प्रॉव्हिडंट फंडाची.

पेन्शनचे म्हणाल तर 1971 ची कुटुंब पेन्शन योजना मुख्यतः नोकरीत असताना मृत्यू आला तर कुटुंबाला आधार देणारी होती. सुखरूप निवृत्त होणाऱ्याला तिच्यातून दरमहा काही मिळत नसे. 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम प्रॉव्हिडंट फंडाऐवजी पेन्शन निधीत जाऊ लागली. अनेक कामगार संघटनांनी याला कडाडून विरोध केला. आपलाच पैसा वळवून आपल्यालाच हप्त्याहप्त्याने देणार, हा त्यांचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये योजना वैध ठरवली.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत खरी मेख मात्र पगाराच्या मर्यादेत होती. पेन्शनचा हिशेब पूर्ण पगारावर होत नव्हता. आधी 5000 आणि जून 2001 पासून 6500 रुपयांच्या मर्यादेवरच तो होई. मूळ पगार कितीही असो, पेन्शन निधीत महिन्याला आधी 417 आणि नंतर 541 रुपयेच जात. 1971 साली लागलेला आणि नोव्हेंबर 2005 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला अधिकारी धरा. 1995 नंतरची त्याची नोकरी दहा वर्षांची. योजनेचे सूत्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले 70 असे आहे. 6500 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे सुमारे 929 रुपये. आधीच्या चोवीस वर्षांची ठरावीक रक्कम मिळवली तरी आकडा दोन हजारांच्या आतच राहतो. पंचवीस हजार मूळ पगारावर हाच हिशेब केला, तर नुसत्या शेवटच्या दहा वर्षांचे 3571 रुपये होतात.

तशी वाट मार्च 1996 मध्ये ठेवलेलीही होती. कर्मचारी आणि मालक दोघांनी मिळून लेखी पर्याय दिला, तर पूर्ण पगारावर 8.33 टक्के पेन्शन निधीत भरता येत होते. ही तरतूद कोणाच्या कानावर गेली आणि कोणाच्या नाही, यावरून आजही वाद होतो. पेन्शनर म्हणतात, आम्हाला पर्सोनेल खात्याने काही सांगितलेच नाही. त्यात बरेच तथ्य आहे. पण त्या वेळी फंडावर 12 टक्के व्याज मिळत होते. फ्लॅटचे कर्ज, मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने समोर होती. आपल्या फंडातला मालकाचा वाटा वळता करायला किती जण तयार झाले असते? माझ्या मते दोष त्यांच्या निवडीला देण्यात अर्थ नाही. आयुष्यभराचा निर्णय एका अर्जावर सोपवला आणि तो अर्ज समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही, ही धोरणाची चूक होती.

पुढे या पर्यायाला मुदतीची कात्री लागली. ऑक्टोबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी मुदत लावता येत नाही म्हटले, तेव्हा आशा पालवली. त्याआधीच 1 सप्टेंबर 2014 च्या दुरुस्तीने मर्यादा 15,000 केली होती आणि तो पर्यायही काढून टाकला होता. 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने ही दुरुस्ती बव्हंशी कायम ठेवली. 1 सप्टेंबर 2014 रोजी नोकरीत असलेल्यांना नव्याने पर्याय देण्याची चार महिन्यांची संधी मिळाली. पर्याय न देताच 2014 पूर्वी निवृत्त झालेल्यांना तो दरवाजा बंद झाला. आज ज्यांच्या शोकसभा होत आहेत, ते बहुतेक याच गटातले.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनसाठी भरायच्या 10-डी अर्जाला पतीपत्नीचा जोडफोटो लागतो. पतीच्या निधनानंतर तोच कागद पत्नीच्या कामी येतो. तिला साधारण निम्मी पेन्शन मिळते. पण 2014 पासून किमान रक्कम 1000 रुपये असल्याने बऱ्याच घरांत आकडा हजारावरच येऊन थांबतो. ज्यांनी सुरुवातीलाच एकतृतीयांश पेन्शन विकून एकरकमी पैसे घेतले होते, त्यांची कपात पंधरा वर्षांनी थांबवण्याचा आदेश फेब्रुवारी 2020 मध्ये निघाला. यात महागाईभत्ता कधीच नव्हता आणि आजही नाही.

किमान पेन्शन 7500 रुपये करा, वर महागाईभत्ता द्या आणि पतीपत्नी दोघांना मोफत उपचार द्या, या मागणीसाठी पेन्शनरांनी 2018 च्या अखेरीस बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केले. तिथे बसणाऱ्यांत एसटीचे, साखर कारखान्यांचे, सहकारी संस्थांचे निवृत्त कर्मचारी होते. कंपन्यांतले मोठ्या हुद्द्यावरचे लोक त्यात कमीच दिसले. मुलांचा हातभार, फंडाची शिल्लक आणि 2004 मध्ये 9 टक्के व्याजाने सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांवर त्यांचे चालले. मात्र त्यांच्या पत्नींना मिळणारा हजाराचा आकडा उपोषणाला बसलेल्यांच्या घरातल्या आकड्याइतकाच आहे.