आस्वाद आणि ध्वनी : कोल्हापूर परिसर

अन्न चावताना, रांधताना आणि वाढताना होणारे आवाज, तसेच जेवतानाचा भोवतालचा गलका व संगीत यांचा चव, पोत आणि ताजेपणाच्या जाणिवेवर होणारा परिणाम. मराठीत ही जाणीव शब्दांतच मुरलेली आहे. कुरकुरीत, चुरचुरीत, खुसखुशीत, करकरीत ही विशेषणे मुळात ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारी. भडंग कुरकुरीत आणि करंजी खुसखुशीत. ही अदलाबदल कोणी करीत नाही, कारण दोन्हींचा दाताखालचा आवाज वेगळा.

चावण्याचा आवाज कानापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो : तोंडाबाहेरच्या हवेतून आणि जबडा व कवटीच्या हाडांतून. दुसऱ्याने खाल्लेला चिवडा आपल्याला वेगळा ऐकू येतो तो यामुळेच. मासिमिलियानो झांपिनी व चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावून त्याच्याच चावण्याचा आवाज त्याला ऐकवला. सगळा आवाज वाढवला किंवा त्यातील केवळ २ ते २० किलोहर्ट्‌झचा उंच भाग वाढवला, की तोच बटाट्याचा काप अधिक कुरकुरीत व ताजा वाटला. आवाज दाबला की शिळा. प्रस्तुत विषयातील सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

कोल्हापुरी मिसळीत हे सूत्र रोज पडताळता येते. कोरड्या शेवेच्या भिंती ठिसूळ असतात आणि दाताखाली तडकतात. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, अंगात मुरला की त्या लवचिक होऊन नुसत्या दबतात, आणि तडकण्याबरोबर आवाजही जातो. मीठ, तिखट, तेल सगळे तेवढेच असूनही फरसाण ‘मेले’ असे खाणारा म्हणतो. म्हणून जाणता माणूस कट एकदम ओतत नाही. पावाचा तुकडा बुडवून, मटकीबरोबर फरसाणाचा कोरडा भाग घासात येईल अशा बेताने खातो आणि पुन्हा मूठभर शेव मागून घेतो. भेळ कालवताच खाण्याची घाईही याच कारणाने.

झणझणीत या शब्दाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण कोल्हापूरच्या चवीची ओळखच त्यावर उभी आहे. मिरचीला स्वतःचा आवाज नाही. तरीही तिच्यासाठी भाषेने नादाचा शब्द निवडला. एका मताने ‘झणझण’ ही अंगातील झिणझिण्यांची, म्हणजे स्पर्शाची संज्ञा होय. दुसऱ्या मताने संस्कृतात धातूच्या नादासाठी येणारे झणझण हेच मूळ असून स्पर्शाचा अर्थ मागाहून जडला. दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते. ‘कान झणझणले’ हा प्रयोग दोन्ही अर्थांना जोडणारा दुवा ठरतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तिखट ही चव नव्हे. कॅप्सायसिन हे द्रव्य उष्णता व वेदना टिपणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टर) चेतविते आणि ती वार्ता प्रामुख्याने चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल तंत्रिका नेते. गोड, खारट इत्यादी चवी जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातून नेणारी कोर्डा टिंपनी ही वेगळी शाखा असून ती मध्यकर्णातून, कानाच्या पडद्याला लगटून जाते. कान आणि जीभ यांची ही शेजारीण विलक्षणच म्हणावी लागेल.

मोठ्या गोंगाटाने गोड व खारट चव फिकी वाटते, असे २०११ मधील एका अभ्यासात आढळले. २०१५ मध्ये विमानाच्या आतील आवाजासारख्या गोंगाटात केलेल्या प्रयोगात गोडी दबली, पण उमामी ही मांसरसासारखी चव मात्र उठून आली. गजबजलेल्या खानावळीत मटणाच्या अळणीवर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर, केलेला पांढरा रस्सा का फिका पडत नाही, याचे एक कारण येथे असू शकेल. मात्र प्रयोग द्रावणांवर होता, रश्श्यावर नव्हे. उंच स्वरांची गोडाशी व खालच्या स्वरांची कडूशी सांगड घातली जाते, हेही प्रयोगांत दिसते. २०१७ मध्ये खास रचलेल्या द्रुत व उंच स्वरांच्या संगीताने तिखटपणा वाढल्याचे नोंदले गेले. हे परिणाम चावण्याच्या आवाजाच्या मानाने सौम्य आहेत.

रांधण्याशी गाण्याचा संबंध महाराष्ट्रात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात (सामान्यतः इ. स. ११२९; काहींच्या मते ११३१) ‘महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने’ (महाराष्ट्रात स्त्रियांनी कण्डनाच्या वेळी ओवी गावी) असा उल्लेख येतो. याच ग्रंथात उपभोगविंशतीत अन्नभोग व विनोदविंशतीत गीतविनोद अशी अन्न व गीताची दालने वेगळी आहेत. ओवीच्या या एका चरणात ती एकमेकांना भिडतात. ‘कण्डन’ या शब्दाचा अर्थ वादाचा आहे. ओवी म्हणजे जात्यावरचे गाणे या रूढ समजुतीमुळे काही अभ्यासक त्यात दळणही धरतात. परंतु कण्डन म्हणजे उखळ-मुसळाचे कांडण, आणि शब्दशः अर्थ सोडण्यास सबळ कारण दिसत नाही. जात्याची घरघर अखंड असते, तर मुसळाला ठोका असतो. त्यामुळे गाण्याची लयही वेगळी पडणार. तेराव्या शतकातील संगीतरत्नाकरात ओवीचे सप्रास (यमकयुक्त) तीन खंड व शेवटी ‘ओवी’ हे पद असे लक्षण दिले आहे, तेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना कोल्हापुरात हे कांडण आजही कानावर येते. मुसळ आता विजेवर चालते. वाळलेली मिरची घातली की ठोका खडखडीत असतो, कूट बारीक होत जाते तसा तो दबका होतो. कांडपासमोर शिंकत बसलेल्या बाया डबा पुढे कधी करायचा ते पुष्कळदा त्यावरूनच ठरवतात. ओवी मात्र यंत्राखाली बुडाली, ही मोठी हानी आहे.

पंगतीत ‘वदनी कवळ घेता’ व इतर श्लोक म्हणण्याची चाल सर्वत्र आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे राहिलेल्या गायक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्यामुळे कोल्हापूर गायकीचे पीठ झाले, पण ती परंपरा मैफलीची. उलट संगीत व नाट्याच्या आस्वादानेच अन्नाची भाषा घेतली : नाट्यशास्त्रात (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २००) रसाचे स्पष्टीकरण नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाच्या दृष्टांताने केले आहे, आणि त्याचा टीकाकार अभिनवगुप्त याने रसानुभवाला ‘चर्वणा’, म्हणजे चावणे, म्हटले.

गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोर काढतात. पहिली धार भांड्याच्या रिकाम्या तळावर करकरीत वाजते, मग फेस चढतो तसा आवाज मऊ आणि घुमा होतो. पेला हाती येण्याआधीच दूध किती फेसाळ आहे ते कळलेले असते.