इनलाइन एलिमेंटमधला टेक्स्ट ओव्हरफ्लो (सीएसएस)

स्पॅन, लिंक असल्या ओळीतच बसणाऱ्या एलिमेंटमधला मजकूर जागेत मावला नाही तर तो कापायचा, शेवटी तीन टिंबं दाखवायची की खालच्या ओळीवर ढकलायचा, हे सीएसएसमधून (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) ठरवणं म्हणजे इनलाइन टेक्स्ट ओव्हरफ्लो आवरणं. सगळ्यांना पाठ असलेला उपाय तीन ओळींचा आहे: व्हाइट-स्पेस नोरॅप (ओळ मोडू नको), ओव्हरफ्लो हिडन (बाहेर सांडलेलं लपव) आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो इलिप्सिस (टिंबं दाखव). डिव्हवर (अख्खी ओळ व्यापणारा एलिमेंट) हे मस्त चालतं, स्पॅनवर ढिम्म काही होत नाही, मग लोक इम्पॉर्टंट (बाकीच्या नियमांवर मात करणारा शेरा) लावत बसतात, त्यानेही काही होत नाही.

कारण साधं आहे. इनलाइन बॉक्सची रुंदी आतल्या मजकुरावरूनच ठरते, विड्थ आणि ओव्हरफ्लो या प्रॉपर्टी त्याला लागूच होत नाहीत, म्हणजे मजकूर बाहेर सांडायला आधी कड तर हवी ना, तीच नाही. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचं सीएसएस तपासायचं साधन) अशी निकामी प्रॉपर्टी फिकट दिसते, तिथे एकदा बघितलं तरी निम्मा वेळ वाचतो.

म्हणून आधी डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक (ओळीतच राहून रुंदी मानणारा बॉक्स) करायचं, मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) द्यायची, मग त्या तीन ओळी. पण ओव्हरफ्लो हिडन झालं की इनलाइन-ब्लॉकची बेसलाइन (अक्षरं ओळीत जुळवायची रेषा) त्याच्या खालच्या कडेला जाते आणि शेजारच्या अक्षरांपेक्षा मजकूर थोडा वर चढलेला दिसतो; व्हर्टिकल-अलाइन बॉटम दिलं की बसतो जागेवर. स्पॅन थेट फ्लेक्स कंटेनरमध्ये (आतले घटक शेजारी-शेजारी मांडणारा एलिमेंट) असेल तर ब्राउझर त्याला आपणहून ब्लॉकसारखा वागवतो, मात्र मधे आणखी एखादा डिव्ह असला तर त्या डिव्हला मिन-विड्थ शून्य द्यावी लागते, नाहीतर तो आक्रसतच नाही.

ही टिंबं इंटरनेट एक्सप्लोरर ६ पासून आहेत, फायरफॉक्सने ती २०११ मध्ये सातव्या व्हर्जनला घेतली. दोन-तीन ओळींनंतर कापायचं असेल तर वेबकिट-लाइन-क्लॅम्प, नाव वेबकिटचं (सफारी ब्राउझरच्या इंजिनाचं) असलं तरी फायरफॉक्समध्येही चालतं.

मराठी साइटवर वेगळीच गंमत होते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवून ओव्हरफ्लो हिडन केलं की वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जाऊ शकतात, ‘मूर्ती’सारखा शब्द टाकून तपासा, लाइन-हाइट दीडच्या आसपास नेली की बहुतेक फाँटमध्ये सुटतं. आणि ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असले लांबलचक शब्द बारक्या बटणात मावत नाहीत, तिथे टिंबांपेक्षा ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर (गरज पडली तर शब्द मधेच मोडून खाली नेणं) बरं, निदान शब्द पूर्ण वाचता तरी येतो.